परिचारिकांची शेवटची परीक्षा

आपल्या बडोद्यात एके काळी भटजींनाही परीक्षा द्यावी लागे, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना ती आजोबांची थट्टा वाटते. पण ती थट्टा नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९१५ साली पुरोहितांसंबंधीचा कायदा केला आणि पौरोहित्य करणाऱ्याने त्यासाठी नेमलेली परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे असे ठरवले. जो मंत्र आपण म्हणतो त्याचा अर्थ म्हणणाराला ठाऊक असावा, इतकीच त्यामागची अपेक्षा होती. त्यावरून घरोघर जी कुरकुर झाली तिचे पडसाद आमच्या लहानपणापर्यंत वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ऐकू येत. ‘बापजाद्यांनी शिकवलेली संथा मामलेदाराने तपासायची काय?’ असा एकंदर सूर असे. पुढे १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी जातिभेदाच्या उच्छेदावरील आपल्या प्रसिद्ध भाषणात पुरोहिताला परीक्षा आणि सरकारी सनद असावी, अशी सूचना केली. १९१३ साली ते ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, त्या संस्थानात तोवर तसा कायदा होऊन वीस वर्षे उलटली होती.

हे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. परिचारिकांच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलींना (आणि आता मुलांनाही) शिक्षणाच्या शेवटी आणखी एक सर्वांना सारखी अशी परीक्षा असावी की नसावी, हा प्रश्न अलीकडे वरचेवर निघतो. डॉक्टरांसाठी अशी परीक्षा २०१९ च्या कायद्याने ठरली. ती २०२३ मध्ये घेण्याचे घाटत होते, पण त्याच वर्षी लांबणीवर टाकण्यात आली. २०२३ मध्येच संसदेने दंतवैद्यांसाठी एक आणि परिचारिका व सुइणींसाठी दुसरा, असे दोन नवे कायदे केले. १९४७ च्या परिचर्या परिषदेच्या कायद्याची जागा घेण्यासाठी यांतला दुसरा आहे. दंतवैद्यांच्या कायद्यात शेवटच्या परीक्षेची तरतूद स्पष्ट लिहिलेली आहे. तेव्हा डॉक्टर झाले, दंतवैद्य झाले, आता परिचारिकांचे काय, असे कोणीही विचारणारच.

या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे थोरले बंधू काही काळापूर्वी शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात होते. मधुमेह जुना, वय ऐंशीच्या पुढे. रात्रपाळीच्या मुलीने डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम १२ युनिट इन्सुलिन टोचले आणि पहाटे चारच्या सुमारास बंधू घामाने निथळले, जीभ जड झाली, मला ओळखीनात. सुदैवाने बाजूच्या वॉर्डातल्या एक वयस्क सिस्टर हाकेसरशी धावून आल्या. त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब काढला, साखर पाहिली आणि शिरेतून ग्लुकोज सुरू केले. अर्ध्या तासाने बंधूंनी चहा मागितला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

झाले होते ते असे. इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात. एकीत मिलिलिटरला ४० युनिट आणि दुसरीत १००. दोहोंच्या सुया वेगळ्या. चाळिसाच्या सुईचे टोपण तांबडे, शंभराच्या सुईचे नारिंगी. त्या मुलीने शंभराची बाटली घेतली आणि हाती लागली ती तांबड्या टोपणाची सुई. तिच्यावरच्या बाराव्या रेघेपर्यंत औषध ओढले म्हणजे मिलिलिटरचे तीन दशांश. शंभराच्या हिशेबाने ते झाले ३० युनिट. अडीचपट!

दुसऱ्या दिवशी ती रडत रडत क्षमा मागायला आली. पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका खेड्यातली पोर, वय बावीस-तेवीस. मी तिला रागावलो नाही. रागावण्यासारखे वाटेनाच. मी मास्तर नव्हे, पण कुतूहलाने कागद पुढे केला आणि तोच हिशेब तिला घालून दिला. तिने तो एका मिनिटात बिनचूक सोडवला. टोपणांचे रंगही तिला पाठ होते. ‘काका, पुस्तकात आहे ना ते,’ म्हणाली. मग घोटाळा का झाला? हळूहळू कळले की तीन वर्षांत तिने स्वतःच्या हाताने इन्सुलिन असे दोन-चारदाच टोचले होते. तिच्या शाळेला जोडलेल्या इस्पितळात खाटा कागदावर पुष्कळ, रोगी मोजके. तपासणीला कोणी यायचे असले की गावातली माणसे आणून खाटांवर निजवत. आणि त्या रात्री तिच्या एकटीकडे अठरा रोगी होते.

आता या मुलीला शेवटची परीक्षा असती तर काय झाले असते? कागदावरची असती तर ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली असती. म्हणजे परीक्षेची गरज नाही असे म्हणणारा जसा या प्रसंगातून आपला मुद्दा काढील, तसाच परीक्षा हवी असे म्हणणाराही काढील. मी गेले काही महिने या दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो.

परीक्षा हवी असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. मुंबईत १८९१ साली काशीबाई गणपत ही शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास आलेली पहिली भारतीय बाई, असे म्हणतात. त्या काळी ज्या त्या इस्पितळाने आपापल्या मुली शिकवाव्या आणि आपणच दाखला द्यावा, अशी रीत होती. एका ठिकाणचा दाखला दुसऱ्या ठिकाणी चालेना. तेव्हा १९०९-१० च्या सुमारास मुंबई इलाख्यात परिचारिकांची एक संस्था निघाली आणि त्याच सुमारास उत्तरेकडच्या व दक्षिणेकडच्या मिशन इस्पितळांनी सामायिक परीक्षा मंडळे स्थापन केली. शिकवणारा एक, तपासणारा दुसरा, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. मद्रासेत १९२६ साली आणि मुंबईत १९३५ साली नोंदणीचे कायदे झाले. पुढे मंडळे व विद्यापीठे आली, बाहेरचा परीक्षक आला, प्रात्यक्षिकही आले. तेव्हा शेवटची परीक्षा नाही असे आजही म्हणता येत नाही. ती आहे, पण तिच्यावरचा विश्वास उडाला आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकाचे आदरातिथ्य किती आणि रोग्याच्या खाटेपाशी त्याचा वेळ किती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी अधिक सांगायला नको.

आणि अविश्वास वाटावा असे घडलेही आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात गेल्या काही वर्षांत परिचारिकांची कॉलेजे अक्षरशः कागदावर उभी राहिली. इमारत नाही, इस्पितळ नाही, शिक्षकांची नावे मात्र दोन-दोन कॉलेजांच्या पटावर. उच्च न्यायालयाने सीबीआयकडून शेकडो कॉलेजांची तपासणी करवली, तर मे २०२४ मध्ये सीबीआयला आपल्याच काही अधिकाऱ्यांना अटक करावी लागली. आरोप असा की, लाच घेऊन त्यांनी नालायक कॉलेजांना लायक ठरवले. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेतकऱ्याने जावे कोठे? यात भरडल्या गेल्या त्या मुली. त्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. अशा कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांना एक सामायिक चाळणी असावी, ही मागणी म्हणूनच मला अवाजवी वाटत नाही.

पण चाळणी कोणत्या जाळीची? कर्त्यासवरत्या लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती एकच: संगणकापुढे बसवायचे, एका प्रश्नाला चार उत्तरे, बरोबर असेल त्यावर खूण. एम्सच्या परिचारिकांच्या भरतीसाठी २०२० पासून अशीच सामायिक परीक्षा होते आणि तिच्या तयारीचे वर्ग गावोगाव निघाले आहेत. शेवटच्या वर्षातली मुलगी वॉर्डात हजेरी लावून दुपारी अशा वर्गाला पळते, असे चित्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटची परीक्षा याच साच्याची झाली तर तिसऱ्या वर्षाचा वॉर्ड ओस पडेल आणि खाटेपाशी शिकायचे उरलेसुरले दिवसही संपतील. शिवाय परीक्षा अखिल भारतीय झाली म्हणजे सोवळी झाली असेही नाही. मे २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वेळी आपल्या शेजारच्या गोध्ऱ्याच्या केंद्रावर पैसे घेऊन उत्तरपत्रिका भरून देण्याचा बेत आखल्याचा आरोप झाला, तो आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचला आहे.

अमेरिकेत काय चालते हे पाहणे या बाबतीत उपयोगाचे आहे, कारण तेथे या प्रश्नाची दोन अंगे वेगळी करून पाहता येतात. शिक्षण पुरे झाल्यावर परवान्यासाठी तेथे ‘एनक्लेक्स’ नावाची परीक्षा असते. ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण, चुकले की सोपा. एप्रिल २०२३ पासून कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. नापास झाले तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. ही झाली परवान्याची परीक्षा. तिचे निकाल प्रत्येक शाळेच्या नावाने मोजले जातात आणि पहिल्या खेपेला उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण घसरले की शाळेची मान्यता धोक्यात येते. हे उत्तमच. पण त्यावर शाळांनी तोड काढली. पुष्कळ शाळांनी आपली स्वतःची एक शेवटची परीक्षा ठेवली. खाजगी कंपनीकडून विकत घेतलेली प्रश्नपत्रिका, आणि तिच्यात अमुक गुण नसतील तर पदवीच नाही. सर्व विषय उत्तीर्ण, सर्व पाळ्या भरलेल्या, कर्ज डोक्यावर, आणि शेवटच्या महिन्यात दार बंद! कमकुवत मुलगी परवान्याच्या परीक्षेला बसलीच नाही म्हणजे शाळेचा निकाल चांगला दिसतो. तेथील परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने २०१२ साली याविरुद्ध आवाज उठवला आणि एकाच कसोटीवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये, असे शाळांना सांगितले.

माझे मत येथे पक्के झाले. परीक्षा परवान्याची असावी, पदवीची नव्हे. शाळेने जे शिकवले त्याचा दाखला शाळेने किंवा विद्यापीठाने द्यावा. रोग्याच्या अंगाला हात लावण्याची मुभा मात्र दुसऱ्या कोणी, स्वतंत्रपणे पारखून द्यावी. शाळेच्या हाती शेवटचे फाटक दिले की ती ते आपल्या सोयीने उघडते आणि मिटते.

परीक्षेच्या कल्पनेलाच विरोध करणारी एक व्यक्ती मात्र अशी आहे की तिला टाळून पुढे जाता येत नाही, ती म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात तिच्या नावाची शाळा निघाली. पुढे १८८७ मध्ये मिसेस बेडफर्ड फेनविक व त्यांच्या मैत्रिणींनी संस्था काढून सरकारी नोंदणीची चळवळ सुरू केली, तेव्हा नाइटिंगेलबाईंनी तिला कसून विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शुश्रूषेतले जे मुख्य ते स्वभावात आणि सवयीत असते, ते परीक्षेच्या कागदावर उतरत नाही. एकदा उत्तीर्ण झालेली बाई दहा वर्षांनी कशी राहील हे नोंदवही सांगत नाही. या बाईंचे वजन एवढे की इंग्लंडात नोंदणीचा कायदा व्हायला १९१९ साल उजाडले. न्यूझीलंडने तो १९०१ मध्येच केला होता.

नाइटिंगेलबाईंचे म्हणणे मला अर्धे पटते. मुंबईच्या केईएम इस्पितळातील अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ साली अत्याचार झाला आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिढ्या बदलल्या, मेट्रनी निवृत्त झाल्या, ज्यांनी अरुणाबाईंना उभे असलेले कधी पाहिलेही नव्हते अशा मुली आल्या आणि त्यांनीही तेच केले. दयामरणाच्या अर्जावर २०११ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा मुक्तकंठाने गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला शय्याव्रण होऊ द्यायचा नाही, याचा अर्थ ज्याने घरात महिनाभर असा रोगी सांभाळला आहे त्यालाच कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती राहू द्यायची नाही, त्वचा कोरडी ठेवायची. चार पर्यायांतून हे निवडून दाखवता येते, पण पहाटे तीन वाजता उठून करणे हे निराळे.

उरलेले अर्धे पटत नाही, कारण नाइटिंगेलबाईंच्या मागे त्यांची स्वतःची शाळा आणि स्वतःची करडी नजर होती. ज्या मुलीच्या मागे अशी शाळा नाही, तिला परीक्षेइतका दुसरा कोणाचा आधार नाही. आपल्याकडचा दाखला घ्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधरांनी सेवासदन काढले आणि ससून इस्पितळात बायकांना, त्यांतही विधवांना, परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली. परक्या पुरुषांची सेवा, शिवाशिवीचा प्रश्न, मलमूत्राचे काम. चांगल्या घरच्या बाईने हे करावे काय, म्हणून कोण गहजब झाला! त्याही आधी महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे नागपुरास जाऊन सुईणपण शिकल्या. अशा बायांच्या हाती दाखला पडला तेव्हा तो नुसता कागद नव्हता. दिराच्या दारात भाकरीसाठी न थांबण्याचा तो हक्क होता. त्या दाखल्याला बाजारात किंमत राहिली याचे एक कारण असे की, तो स्वस्तात मिळत नव्हता.

आज ती जागा डोंगरपट्ट्यातल्या मुलींनी घेतली आहे. जमिनीचा तुकडा गहाण टाकून, आईच्या गळ्यातले मोडून बाप फी भरतो. तिला शेवटच्या पायरीवर अडवायचे तर अडवणाऱ्याने आधी काही गोष्टी केल्या पाहिजेत. परीक्षा रोग्याच्या खाटेपाशी झाली पाहिजे आणि ती तिच्या कॉलेजात नव्हे, तर परक्या इस्पितळात. आपल्या सयाजी इस्पितळासारखी मोठी सरकारी इस्पितळे यासाठीच आहेत. पंचमहाल, छोटा उदेपूर, पार अलीराजपूरपर्यंतचा रोगी तेथे येतो. दोन दिवस, दोन वॉर्ड, एक रात्रपाळी. औषधाची ताकद वाचणे, सुई निवडणे, रोगी कुशीवर वळवणे, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला नेमके काय सांगायचे ते सांगणे. परीक्षक प्राध्यापक नसावेत. पंचवीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या मोठ्या सिस्टर असाव्यात. त्या मुलीचा हात पाहून दहा मिनिटांत ओळखतात.

भाषेचे काय, हा प्रश्न बडोद्याच्या माणसाने तरी विसरू नये. १८९० साली कलाभवन निघाले तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांनी रंगकाम आणि यंत्रविद्या देशी भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला होता. औषधाच्या बाटलीवरची अक्षरे इंग्रजीतच असतात, ती तिला आलीच पाहिजेत. पण रोग्याची तक्रार गुजरातीत असते, राठव्यांच्या बोलीत असते, कधी आपल्या वाड्यातल्या एखाद्या आजीच्या मराठीत असते. ती ऐकून समजण्याचे गुण कोणत्या संगणकावर देणार?

दुसरी अट निकालाची. प्रत्येक शाळेचा निकाल दरवर्षी छापावा, पटावरची संख्या, बसलेल्यांची संख्या आणि उत्तीर्णांची संख्या अशा तीनही आकड्यांनिशी, म्हणजे अमेरिकेतली हातचलाखी येथे चालणार नाही. निम्म्याहून अधिक मुली पडल्या तर पुढच्या वर्षीचे प्रवेश बंद आणि पडलेल्या मुलींचे पुन्हा शिक्षण त्या शाळेच्याच खर्चाने. दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. हे लिहिताना मला पूर्ण कल्पना आहे की, शाळा चालवणाऱ्यांत बरीच वजनदार माणसे आहेत. म्हणूनच हे नियमांत नव्हे, कायद्यात असावे.

आणि अठरा रोग्यांचे काय? शिकवणाऱ्या इस्पितळात तीन रोग्यांमागे एक आणि साध्या इस्पितळात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी, असे परिचर्या परिषदेचे जुने माप आहे. देशात हजार लोकांमागे परिचारिका दोनच्या आसपास, आणि हव्यात तीन, असा हिशेब वरचेवर मांडला जातो. परीक्षा कडक केली तर हा आकडा आणखी खाली जाईल, असे विरोधक म्हणतात, आणि ते खोटे नाही. मात्र ज्या रुग्णालयाने बावीस वर्षांच्या मुलीकडे रात्री अठरा खाटा सोपवल्या त्याची परीक्षा कोणी घेतली नाही, आणि कोठल्याही मसुद्यात ती घेण्याची तरतूद माझ्या पाहण्यात आलेली नाही. मुलीला परवान्यासाठी परीक्षेला बसवायचे असेल, तर रात्री तिच्या वाट्याला किती खाटा देता, हे रुग्णालयानेही दारावरच्या पाटीवर लिहावे.

बंधू त्यानंतर आणखी नऊ दिवस तेथे होते. ती मुलगी रोज रात्री यायची. टोचण्याआधी बाटली आणि टोपण दोन्ही दिव्याखाली धरायची, बंधूंना आकडा मोठ्याने वाचून दाखवायची आणि ते ‘बराबर छे’ म्हणाले की मगच सुई लावायची.